शिक्षकाचे परदेशगमन : तीन दारांचा इतिहास

गेल्या वर्षी पालकसभा आटोपल्यावर एका पालकांनी मला बाजूला घेऊन विचारले, "सर, तुम्ही बी. ए., बी. एड. आहात, इंग्रजीही चांगले बोलता. मग बायकामुलांना घेऊन परदेशी का जात नाही? आमचा भाचा तर बारावी करून गेला." प्रश्न आपुलकीचा होता. मी हसून वेळ मारून नेली. परंतु घरी आल्यावर तो प्रश्न मनातून जाईना. मी इतिहासाचा शिक्षक. एखादी गोष्ट आज अशी का आहे हे समजून घ्यायचे, तर ती पूर्वी कशी होती हे पाहण्याची मला सवय. म्हणून शिक्षकाने कुटुंबासह परदेशी जाण्याच्या वाटा कोणत्या, त्या कशा तयार झाल्या आणि त्या वाटांवर कोण पोहोचले, कोण अडकले याचा थोडा अभ्यास केला. तो आपल्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

या अभ्यासातून एक गोष्ट मला स्पष्ट दिसली. परदेशी जाणाऱ्या शिक्षकाला एक नव्हे, तीन दारे ओलांडावी लागतात. पहिले दार देशाचे, म्हणजे प्रवेश आणि राहण्याची परवानगी. दुसरे दार वर्गाचे, म्हणजे तेथील शाळेत शिकवण्याचा परवाना. तिसरे दार घराचे, म्हणजे पत्नी किंवा पती व मुले यांना सोबत नेण्याचा हक्क. ही तिन्ही दारे वेगवेगळ्या लोकांच्या हाती असतात आणि ती एकाच वेळी उघडतील असे नाही. आपली माणसे बहुधा पहिल्या दाराची चौकशी करतात आणि बाकीची दोन तेथे गेल्यावर पाहू म्हणतात. इतिहासात फसगत झाली ती येथेच.

कल्याण बंदर आणि टपाल खात्यातील एक नोकर

ठाणे आणि कल्याण ही गावे परदेशगमनाला नवखी नाहीत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेली दाने कोरलेली आहेत. सहाव्या शतकातील कॉस्मस या प्रवाशाने कल्याणची गणना हिंदुस्थानातील मोठ्या बाजारपेठांत केली आहे. खाडीतून गलबते अरबस्तान व इराणच्या बाजूस जात येत असत. कोकणातील मुसलमान समाजाची जडणघडणच या दर्यावर्दी येण्याजाण्यातून झाली. त्या काळी दार होते ते समुद्राचे. वारा अनुकूल असला की ते उघडे. कागद कोणी विचारीत नसे.

आगगाडी १८५३ साली ठाण्यास आणि १८५४ साली कल्याणास पोहोचली. बंदराचे महत्त्व मुंबईकडे गेले आणि आपल्या भागातील शिकलेला माणूस नोकरदार झाला. अशाच एका नोकरदाराने परदेशी जाण्याची जी धडपड केली, ती या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. गोपाळराव जोशी हे टपाल खात्यात नोकरीस होते. कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना ही त्यांची पत्नी. तीच पुढे डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून प्रसिद्ध झाली. १८७८ साली कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. आपल्याला पत्नीला शिकवायचे आहे, अमेरिकेत आपल्याला एखादी नोकरी मिळेल काय, असा त्या पत्राचा आशय होता. नोकरी मिळाली नाही. उलट धर्मांतराची अपेक्षा पुढे आली, आणि ती गोपाळरावांनी मानली नाही.

परंतु हा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात छापला गेला. न्यू जर्सीतील कार्पेंटर नावाच्या बाईंनी तो वाचला आणि मदतीचा हात पुढे केला. १८८३ च्या एप्रिलमध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून एकट्या निघाल्या. १८८६ साली पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. गोपाळराव नंतर तेथे पोहोचले. आनंदीबाई आजारी अवस्थेत परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यास वारल्या.

येथे लक्षात घ्यायचे ते हे की, त्या काळी हिंदी माणसाला अमेरिकेत उतरण्यास व्हिसा लागत नव्हता. देशाचे दार उघडेच होते. अडले ते नोकरीशी. पतीसाठी नोकरीचे दार उघडले नाही, पत्नीसाठी शिक्षणाचे उघडले. पुढे १९१७ च्या कायद्याने अमेरिकेने हिंदी लोकांचे येणे जवळजवळ बंद केले. १९४६ साली वर्षाला १०० माणसांचा कोटा दिला, आणि १९६५ च्या कायद्यानंतरच शिकलेल्या हिंदी माणसाला तेथे कुटुंबासह जाणे खऱ्या अर्थाने शक्य झाले.

भाषेच्या परीक्षेचा उगम

आज परदेशी जाऊ इच्छिणारा प्रत्येक शिक्षक इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतो. ही परीक्षा कोठून आली? तिचा एक उगम दक्षिण आफ्रिकेत आहे आणि त्याचा संबंध आपल्या मुंबई बंदराशी आहे.

मोहनदास करमचंद गांधी हे १८९३ साली दादा अब्दुल्ला आणि कंपनी या मुसलमान व्यापारी पेढीच्या दाव्यासाठी नाताळ वसाहतीत गेले. करार एक वर्षाचा. मोबदला १०५ पौंड आणि पहिल्या वर्गाचे जाण्यायेण्याचे भाडे. आजच्या भाषेत सांगायचे तर मालकाने आणलेला कुशल कर्मचारी. १८९६ च्या अखेरीस ते पत्नी व मुलांना घेऊन मुंबईहून 'कुरलँड' बोटीने पुन्हा निघाले. दरबान बंदरात मुंबईच्या प्लेगचे निमित्त सांगून बोट २३ दिवस रोखली गेली. १३ जानेवारी १८९७ रोजी ते उतरले तेव्हा गोऱ्या जमावाने त्यांना मारहाण केली.

त्याच वर्षी नाताळ सरकारने कायदा केला. नव्याने येणाऱ्या माणसाला कोणत्यातरी युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे, नाहीतर प्रवेश नाही. कायद्यात हिंदी लोकांचे नाव कोठेही नव्हते. परंतु मराठी, उर्दू, गुजराती किंवा अरबी उत्तम लिहिणारा माणूसदेखील त्या कायद्यापुढे निरक्षर ठरला. लंडनमधील वसाहतमंत्री चेंबरलेन यांनी हीच युक्ती इतर वसाहतींना सुचवली. केप वसाहतीने १९०२ साली तसाच कायदा केला. ऑस्ट्रेलियाने १९०१ साली ५० शब्दांचे श्रुतलेखन सुरू केले. तेथे तर नको असलेल्या माणसाला मुद्दाम त्याला न येणारी भाषा देत. १९३४ साली एगॉन किश या अनेक भाषा जाणणाऱ्या युरोपीय लेखकाला स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत श्रुतलेखन घातले गेले! ही पद्धत १९५८ साली रद्द झाली.

केपच्या कायद्याची झळ आपल्या कोकणी बांधवांना प्रत्यक्ष बसली. रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील व आसपासच्या गावांतील अनेक कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केपटाउनला जाऊन राहिले होते. गावी येऊन परत जायचे तर निघण्यापूर्वी परवाना काढावा लागे. त्यावर छायाचित्र आणि अंगठ्यांचे ठसे. परवान्याची मुदत संपल्यावर पोहोचलेल्याचा हक्क बुडे. आजारी आईच्या उशाशी चार महिने जास्त राहिलेल्या मुलाची वीस वर्षांची कमाई समुद्रापलीकडे अडकू शकत असे.

बाई मरियमचा दावा

तिसऱ्या दाराचा, म्हणजे घराच्या दाराचा इतिहासही दक्षिण आफ्रिकेतच सापडतो. हसन इसप नावाच्या केप प्रांतातील एका हिंदी रहिवाशाची पत्नी बाई मरियम पतीकडे राहण्यास आली. अधिकाऱ्यांनी तिला उतरू दिले नाही. प्रकरण न्यायालयात गेले. १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की, ज्या धर्मात एकाहून अधिक विवाहांना मुभा आहे त्या धर्माच्या रीतीने झालेला विवाह या देशाच्या कायद्याने विवाहच नव्हे.

निकाल एका मुसलमान कुटुंबाविषयी होता, पण त्याने हिंदू, मुसलमान, पारशी अशा सर्व हिंदी स्त्रियांचे पत्नीपण कायद्याच्या दृष्टीने नाहीसे केले. त्यावर्षीच्या सत्याग्रहात स्त्रिया उतरल्या, कस्तुरबा तुरुंगात गेल्या, त्याचे हे एक मोठे कारण. १९१४ च्या कायद्याने एक पत्नी आणि अल्पवयीन मुले यांचा प्रवेशाचा हक्क मान्य झाला.

आज एखादा दूतावास आपल्याकडे नोंदणीकृत विवाहाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले मागतो, तेव्हा आपण त्रासून जातो. परंतु पती, पत्नी आणि मुले हे नाते कागदावर मान्य व्हावे म्हणून आपल्याच माणसांनी तुरुंग भोगला आहे, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

व्हाउचर घेऊन गेलेले शिक्षक

आता मी या लेखाच्या गाभ्याकडे येतो. स्वातंत्र्यानंतर ब्रिटनचे दार राष्ट्रकुलातील नागरिकांना बरीच वर्षे उघडे होते. १ जुलै १९६२ पासून तेथे नवा कायदा लागू झाला आणि व्हाउचरची पद्धत आली. 'अ' वर्ग ज्याला आधीच नोकरी ठरलेली आहे त्याच्यासाठी, 'ब' वर्ग विशेष शिक्षण किंवा कौशल्य असलेल्यांसाठी, आणि 'क' वर्ग इतरांसाठी. १९६५ साली 'क' वर्ग बंद झाला आणि वर्षाची एकूण मर्यादा ८,५०० व्हाउचरांवर आणली गेली. डॉक्टर, परिचारिका, शास्त्र व तंत्रशास्त्राचे पदवीधर यांच्याबरोबर शिक्षकही 'ब' वर्गात राहिले. व्हाउचरधारकाला पत्नी व मुलांना नेता येत असे.

म्हणजे देशाचे दार उघडे, घराचे दार उघडे. शिक्षकाला आणखी काय हवे? भारतातून अनेक पदवीधर शिक्षक गेले. त्यांत पंजाबातील पुष्कळ होते. तेथे पोहोचल्यावर त्यांना कळले की, ब्रिटिश सरकारचे एक खाते व्हाउचर देते आणि दुसरे खाते शिक्षक म्हणून मान्यता देते. भारतातील पदवी व प्रशिक्षण दुसऱ्या खात्याला पुरेसे वाटेलच असे नव्हते. मान्यता मिळालेल्यांनाही उच्चाराचे कारण सांगून शाळा नाकारीत. ज्यांनी येथे आठवी-नववीचे वर्ग समर्थपणे चालवले होते, त्यांतले कित्येक तेथे बसवर कंडक्टर झाले, ओतशाळेत भट्टीपुढे उभे राहिले. काहींनी परदेशी शिक्षकांसाठी पुढे सुरू झालेले अभ्यासक्रम करून पुन्हा फळा गाठला. इतरांचा खडू कायमचा सुटला.

कंडक्टरचे काम हलके, असे मला मुळीच म्हणायचे नाही. कष्टाची कोणतीही भाकरी सन्मानाचीच असते. परंतु माणसाने पंधरा-सोळा वर्षे शिकून जे कौशल्य मिळवले, ज्याच्या नावावर त्याला बोलावले गेले, तेच तेथे निरुपयोगी ठरावे, हे नुकसान त्याचेही होते आणि दोन्ही देशांच्या मुलांचेही. व्हाउचरची ही पद्धत १९७३ च्या आरंभी संपली. तिचा धडा मात्र संपलेला नाही.

कॅनडाने १९६७ साली गुणांची पद्धत सुरू केली. शिक्षण, वय, भाषा, व्यवसाय यांना गुण द्यायचे, आणि बेरीज पुरेशी झाली की वंश न पाहता प्रवेश. न्यायाच्या दृष्टीने हे मोठेच पाऊल. परंतु कॅनडात शाळा हा प्रांतांचा विषय. केंद्र सरकार गुण मोजून प्रवेश देते, आणि वर्गात उभे राहण्याचा परवाना प्रांताची संस्था देते. म्हणजे येथेही दोन दारे, दोन राखणदार.

याच्या उलट चित्र आफ्रिकेत होते. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना माध्यमिक शिक्षक हवे होते. इथिओपियाच्या सम्राट हैले सेलासी यांच्या काळात भारतीय शिक्षक तेथील गावोगावच्या शाळांत शिकवीत होते. त्यांत केरळीयांचा भरणा मोठा. नायजेरियाने १९७६ साली सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची योजना सुरू केली, तेव्हा तेलाच्या पैशावर भारतातूनही शिक्षक बोलावले. येथे वर्गाचे दार सताड उघडे होते. परंतु देशाचे दार कराराच्या मुदतीपुरते. इथिओपियात १९७४ साली क्रांती झाली, नायजेरियात १९८० नंतर तेलाचे उत्पन्न घसरले, आणि शिक्षकांना गाशा गुंडाळावा लागला.

आखात : जवळचे दार

आपल्या समाजाला सर्वांत परिचित वाट आखाताची. मुंबईहून निघणाऱ्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या 'दुमरा', 'द्वारका' या बोटी जुन्या मंडळींना आठवत असतील. 'द्वारका' १९८२ पर्यंत चालू होती. १९७३ च्या तेलभाववाढीनंतर कोकणातील घराघरांतून माणसे गेली. आरंभी बहुतेक कामगार, खलाशी, चालक व स्वयंपाकी. त्यांच्या मागोमाग कारकून व अभियंते गेले, त्यांची कुटुंबे गेली, आणि कुटुंबांबरोबर शाळांची गरज निर्माण झाली. बहारीनची भारतीय शाळा १९५० ची, कुवेतची १९५९ ची, दुबईची १९६१ ची, मस्कतची १९७५ ची. या शाळांत अभ्यासक्रम भारतीय, परीक्षा भारतीय मंडळाच्या. म्हणून आपल्या बी. एड. ला तेथे थेट किंमत मिळाली.

आखातात वर्गाचे दार भारतीय शिक्षकाला सर्वांत सोपे आहे. घराचे दार पगारावर अवलंबून असते. संयुक्त अरब अमिरातीत कुटुंब नेण्यासाठी दरमहा ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहण्याची जागा, अशी अट ठेवलेली आहे. देशाचे दार मात्र नोकरी असेपर्यंतच. मुले मोठी होतात, बारावी होतात, आणि त्यांनी पुढे कोठे जायचे हा प्रश्न उभा राहतो. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना घरदार सोडून यावे लागले. बहुतेकांना अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी आणले गेले. त्यांत कित्येक वर्षे संसार थाटलेली कुटुंबे होती. म्हणून आखातात जाणाऱ्याने पहिल्या दिवसापासून परतीचा विचार ठेवावा. येथील घर मोडू नये, मुलांच्या पुढील शिक्षणाची तजवीज आधी करावी.

आजच्या वाटा

आजची स्थिती थोडक्यात सांगतो. नियम बदलत असतात, म्हणून अर्जापूर्वी त्या त्या सरकारच्या अधिकृत माहितीशी ताडून पाहावे.

ज्या ऑस्ट्रेलियाने ५० शब्दांच्या श्रुतलेखनाने आपल्याला बाहेर ठेवले, तोच देश आज शिक्षकांना कुशल व्यवसायांच्या यादीत ठेवतो. त्यासाठी शिक्षणाची तपासणी होते. किमान चार वर्षांचे उच्च शिक्षण, त्यात किमान एक वर्षाचे शिक्षक-प्रशिक्षण, आणि ४५ दिवसांचा देखरेखीखालील पाठसराव. आपली तीन वर्षांची बी. ए. आणि बी. एड. मिळून वर्षांचा हिशेब जमतो. पाठसरावाचे दिवस मात्र महाविद्यालयाकडून लेखी घ्यावे लागतात. इंग्रजीच्या आयेल्ट्स परीक्षेत वाचन व लेखनाला ७ आणि श्रवण व संभाषणाला ८ गुण लागतात. हे सोपे नाही. वयाची मर्यादा ४५. वयाच्या ३३ व्या वर्षी तीसऐवजी पंचवीस गुण होतात, चाळिशीनंतर पंधरा. हे मिळाले की पत्नी-मुलांसह कायमचा निवास मिळू शकतो. त्यानंतर शिकवण्यासाठी तेथील राज्याची नोंदणी वेगळी!

ब्रिटनने फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह आणखी काही देशांतील शिक्षकांना इंग्लंडमधील शिक्षक-मान्यतेसाठी थेट अर्ज करण्याची सोय केली. १९६० च्या दशकात जे दार बंद होते ते असे अंशतः उघडले. परंतु आपल्यासाठी अट ही की, उमेदवार ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा परकीय भाषा शिकवण्यास पात्र हवा. इतिहास, भूगोल शिकवणाऱ्यांना या सोयीचा उपयोग नाही. मान्यतेनंतर शाळेने नोकरी द्यावी लागते, मग व्हिसा. कुटुंब नेता येते, मुलांना सरकारी शाळेत फी नाही. परंतु आरोग्यसेवेचा आकार आधीच भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासूनच्या दराने प्रौढास वर्षाला १,०३५ पौंड, मुलास ७७६ पौंड. पती, पत्नी व दोन मुले यांचा तीन वर्षांचा हिशेब केला तर १०,८६६ पौंड होतात. हा आकडा कागदावर मांडल्याशिवाय कोणीही राजीनामा लिहू नये.

कॅनडाने २०१५ पासून अर्जांची नवी पद्धत आणली आणि २०२५ साली शिक्षणक्षेत्राचा स्वतंत्र वर्ग केला. प्रांताच्या परवान्याची जुनी अट कायम आहे. अमेरिकेत शिक्षक-विनिमयाच्या व्हिसावर दोन वर्षांचा अनुभव असलेल्या शिक्षकाला तीन वर्षांसाठी जाता येते, कुटुंब नेता येते, पण मुदतीनंतर परतावे लागते.

कागदांविषयी चार शब्द

आपल्या समाजात सर्वांत जास्त अडचण नावांच्या स्पेलिंगने होते. शाळेच्या दाखल्यावर एक मोहम्मद, पदवीवर दुसरा, पासपोर्टवर नुसते 'एम डी'. आडनाव कधी शेख, कधी गावाचे. पत्नीचे माहेरचे नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि सासरचे आधार कार्डावर. येथे सर्वांना ठाऊक असते की माणूस एकच आहे. परदेशातील अधिकाऱ्याला ते ठाऊक नसते. पालकांनी मुलाचे नाव शाळेत घालतानाच जन्मदाखल्याशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्यावे. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना पुन्हा तपासावे. वर्गशिक्षक म्हणून मी हे दरवर्षी सांगतो, आणि दरवर्षी काहीजण निकालानंतर दुरुस्तीसाठी येतात.

निकाहनामा जपून ठेवावाच, पण त्याबरोबर महानगरपालिकेत विवाहाची नोंदणीही करावी. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली ती सर्वांना करता येते. ठाणे व कल्याण-डोंबिवली महानगरपालिकांत ही सोय आहे. बाई मरियमकडे असा दाखला नव्हता, आपल्याला तो मिळू शकतो.

पदवीच्या साक्षांकनाचेही दोन प्रकार आहेत. भारत २००५ साली हेग येथील करारात सामील झाला, त्यामुळे त्या करारातील देशांसाठी परराष्ट्र खात्याचा 'अपोस्टिल' शिक्का चालतो. संयुक्त अरब अमिरातीसारख्या कराराबाहेरील देशांसाठी राज्य सरकार, परराष्ट्र खाते आणि दूतावास अशी साखळी पूर्ण करावी लागते.

शेवटी एजंटांविषयी. माझ्या ओळखीच्या एका शिक्षकाने 'टीचर व्हिसा मिळवून देतो' म्हणणाऱ्याला पत्नीचे दागिने मोडून पैसे दिले. तेथे पोहोचल्यावर कळले की व्हिसा भेटीचा आहे आणि ज्या शाळेचे नाव सांगितले होते तिला शिक्षक नकोच होता. दोन महिन्यांनी तो परतला. तोवर येथील जागा भरली गेली होती. भारताच्या १९८३ च्या परदेशगमन कायद्याप्रमाणे नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाची सरकारकडे नोंदणी असावी लागते आणि ती सरकारच्या ई-मायग्रेट व्यवस्थेवर कोणालाही पाहता येते. पैसे देण्यापूर्वी पाच मिनिटे खर्चून ते पाहावे. त्याचबरोबर शाळेलाच थेट पत्र लिहून विचारावे की, तुम्ही या माणसाला शिक्षक म्हणून नेमले आहे काय?

माझ्या घरचे उत्तर

त्या पालकांच्या प्रश्नाचे उत्तर मला अजून द्यायचे आहे. मी बी. ए., बी. एड., विषय इतिहास. ब्रिटनच्या सोयीत माझा विषय बसत नाही. ऑस्ट्रेलियाच्या बेरजेत मी बसू शकतो, पण वय दरवर्षी गुण खाते आणि इंग्रजी संभाषणाचे ८ गुण मला अजून मिळालेले नाहीत. माझी पत्नी बी. एस्सी., बी. एड. आहे, विज्ञान शिकवते. आम्ही रात्री टेबलाशी बसून तिन्ही दारांचा तक्ता मांडला, तेव्हा दिसून आले की आमच्या घरातून कोणी जाऊ शकत असेल तर ती जाऊ शकते. अर्ज तिच्या नावाने व्हायचा आणि मी तिचा अवलंबित म्हणून जायचा. खरे सांगायचे तर पहिल्या क्षणी मला हे रुचले नाही. मग गोपाळराव जोश्यांची आठवण झाली. त्यांनी स्वतःसाठी नोकरी मागितली आणि दार उघडले ते आनंदीबाईंसाठी.

आमचा निर्णय अजून झालेला नाही. घरी वृद्ध आई आहे, येथे अनुदानित शाळेतील कायम जागा आहे, ती एकदा सोडली की सेवाज्येष्ठतेसह परत मिळत नाही. पण तिच्या पाठसरावाचा दाखला आम्ही महाविद्यालयातून आणला आहे आणि विवाहाची नोंदणी करून घेतली आहे. जायचे ठरले तर तयारी आहे, नाही ठरले तर काही वाया गेलेले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांना शिक्षक व्हायचे आहे त्यांनी विषय निवडतानाच हा विचार करावा. गणित आणि विज्ञान यांना आज अधिक दारे उघडी आहेत. इतिहासाच्या शिक्षकाने हे सांगावे याचे मला थोडे वाईट वाटते, पण खरे ते सांगितलेच पाहिजे. आणि पालक बंधू-भगिनींनो, मुलीला बारावीनंतर विज्ञान शाखेची पदवी आणि बी. एड. करू द्या. कदाचित उद्या सगळ्या घरासाठी दार उघडणारी तीच असेल. परदेशी न गेली तरी आपल्याच संस्थेच्या प्रयोगशाळेत तिची गरज आहे, आणि ते दार तर घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर आहे.